कायदा मदत केंद्रासाठी हँडबुक कोणतं घ्यावं? पहिलं पान मुदतीचं करा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही बँकेतून रिटायर झालात, पुण्यात सिंहगड रोडला सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातले दोन रविवार मोफत कायदेशीर मदत केंद्र सुरू करताय, सोबत दोन वकील, तीन लॉ कॉलेजची मुलं आणि तुमच्यासारखे दोन-तीन ज्येष्ठ. आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: पुस्तकं कोणती घ्यावीत, मराठीत तयार पीडीएफ हँडबुक मिळेल का, आणि वकील नसलेल्यांनी लोकांना कितपत सांगायचं. मी शिवाजीनगर कोर्टात २३ वर्षं वकिली करते, त्यातली बरीच वर्षं विधी सेवेच्या (मोफत कायदेशीर मदतीच्या) वकिलांच्या पॅनलवर होते आणि पर्वतीच्या पायथ्याशी एका वस्तीत असंच केंद्र आम्ही सहा वर्षं चालवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तयार साहित्य आहे आणि फुकट आहे, तो प्रश्न एका संध्याकाळीत सुटतो. नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या साइटवर विधी स्वयंसेवकांच्या ट्रेनिंगचं साहित्य आहे, योजनांची माहिती आहे. राज्य प्राधिकरणाची मराठी माहितीपत्रकं आहेत, शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊन मागा. केंद्राचे कायदे दुरुस्त्यांसकट इंडिया कोडवर मिळतात, सुप्रीम कोर्टाचे निकाल ईएससीआरवर, एखाद्याची केस कुठे अडकलीय ते ईकोर्ट्सच्या अ‍ॅपवर सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर, टाकला की दिसतं, सातबारा महाभूलेखवर. छापील घ्यायचंच असेल तर साधे बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे नुसती कलमं छापलेली पुस्तकं, घ्या: विधी सेवा प्राधिकरण कायदा, घरगुती हिंसाचाराचा, ग्राहक संरक्षण, महाराष्ट्र भाडे नियंत्रण, मुदतीचा कायदा आणि तिन्ही नवे फौजदारी कायदे. जाडजूड टीका-टिप्पणीची पुस्तकं वकिलांच्या ऑफिसात असतातच, हॉलमध्ये कोणी उघडत नाही.

पण खरी अडचण पुस्तकाची नाहीये. पुस्तक विषयानुसार लिहिलेलं असतं आणि माणूस विषयानुसार येत नाही. बाई येते आणि म्हणते, भाऊ घरात येऊ देत नाहीये. आता हे मालमत्तेचं प्रकरण आहे का पोलिसांचं? आमच्याकडे अशी बाई आली तेव्हा पहिल्या स्वयंसेवकाने तिला ‘हा दिवाणी मामला आहे, दावा लावावा लागेल’ म्हणून सांगितलं, जे चूक नाही, पण ती नवरा गेल्यावर माहेरी आईच्या घरात राहत होती, भावाने मारहाण करून बाहेर काढलं होतं, आणि २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा फक्त नवऱ्याविरुद्ध नाही, एका घरात राहणाऱ्या रक्ताच्या नात्यातल्या बाईलाही तो लागू होतो. त्यात राहण्याच्या हक्काचा आदेश मागता येतो आणि पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असं कायद्यातच लिहिलंय. दाव्याला वर्षं गेली असती. म्हणजे तुम्हाला जे हँडबुक लागणार आहे ते कायद्याचं पुस्तक नाही, समोर बसलेल्या माणसाला कोणत्या दारात, कोणते कागद घेऊन, किती दिवसांच्या आत पाठवायचं हे सांगणारी फाइल आहे. ती तुम्हालाच बनवावी लागते.

आणि त्यात सगळ्यात आधी मुदत. हे मी शिकले त्याची गोष्ट सांगते. कर्वेनगरला मेस चालवणाऱ्या एक काकू आल्या होत्या. एका ठेकेदाराच्या कामगारांना चार महिने डबे दिले, त्याने ४२,००० चा चेक दिला, आणि आज भरा उद्या भरा करत काकूंनी तो चेकची तीन महिन्यांची मुदत संपायला आठवडा राहिला तेव्हा बँकेत टाकला. परत आला. रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी, हातात पडल्यापासून १९ व्या दिवशी त्या आमच्या केंद्रात आल्या. टेबलवर लॉच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा होता, अतिशय मनापासून काम करणारा, त्याने चेक बाउन्सचं १३८ कलम त्यांना इतकं छान समजावलं की काकू खूश होऊन गेल्या, आणि वकील पुढच्या बैठकीला बसतात म्हणून त्याने त्यांना दोन आठवड्यांनंतरची वेळ दिली. त्या रविवारी त्या माझ्यासमोर बसल्या तेव्हा मेमो मिळून ३३ दिवस झाले होते. नोटीस ३० दिवसांच्या आत जायला हवी. एरवी चेक परत बँकेत टाकून, पुन्हा बाउन्स झाला की नव्याने नोटीस काढता येते, पण चेकची मुदतही संपलेली. राहिला फक्त वसुलीचा दिवाणी दावा, त्याला तीन वर्षं असतात, पण ४२,००० साठी दावा लावायची त्यांची तयारी नव्हती आणि ठेकेदाराला ते बरोबर माहीत होतं. काकू मला काही बोलल्या नाहीत, उलट तुम्ही वेळ दिलात म्हणून डब्यात आणलेली पुरणपोळी ठेवून गेल्या. त्या मुलाची चूक नव्हती, त्याच्या फाइलमध्ये कलम होतं आणि तारीख नव्हती, आणि ती फाइल मी बनवली होती.

त्यानंतर आम्ही पहिलं पान मुदतीचं केलं, ठळक अक्षरात, प्लास्टिकमध्ये घालून टेबलवर चिकटवलेलं. त्यावर काय होतं ते सांगते. चेक परत आला: मेमोची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, ते संपले की एक महिन्यात कोर्टात तक्रार. ग्राहक तक्रार: दोन वर्षं. आणि ग्राहक आयोगाची नोटीस आपल्यालाच आली असेल, म्हणजे छोटा दुकानदार वगैरे येतो ना, तर उत्तराला ३० दिवस आणि फार तर वर १५, त्यापुढे आयोगालाही वाढवून देता येत नाही. दिवाणी दाव्याचं समन्स आलं: कैफियत, म्हणजे आपलं लेखी उत्तर, ३० दिवसांत, कोर्टाने वाढवून दिलं तर ९० पर्यंत. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार: तीन महिने, आणि जिथे दहापेक्षा कमी माणसं आहेत तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, हे घरकाम करणाऱ्या बायकांना कोणीच सांगत नाही. घरगुती हिंसाचाराच्या आदेशावर अपील ३० दिवस. माहिती अधिकार: उत्तर ३० दिवसांत, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत दुसरं. फेरफाराची नोटीस आली तर हरकत १५ दिवसांत. रस्ते अपघाताचा क्लेम: २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिने, १ एप्रिल २०२२ पासून लागू, त्या मुदतीला आव्हान दिलेलं आहे पण तुम्ही पानावर सहा महिनेच लिहा आणि माणसाला तसंच धावायला लावा. ऑनलाइन पैसे गेले: १९३० ला फोन आत्ता, इथे बसल्या बसल्या, तक्रार नंतर लिहू.

नियम एकच ठेवला. कोणीही आलं की पहिला प्रश्न ‘काय झालं’ नाही, ‘कधी झालं आणि कागद कधी हातात आला’. मुदत पंधरा दिवसांच्या आत संपत असेल तर त्या माणसाला पुढच्या रविवारची वेळ द्यायची नाही, त्याच दिवशी वकिलाला फोन, नाहीतर सोमवारी सकाळी प्राधिकरणात पाठवायचं. तुमचं केंद्र महिन्यात दोनच रविवार आहे म्हणून तर हे जास्तच सांगतेय, तुमच्या दोन बैठकांमध्ये माणसाची मुदत सहज निघून जाते.

दुसरं पान मोफत वकिलाचं, आणि इथे चांगल्या चांगल्या लोकांच्या हातून चूक होते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमात कोणाला मोफत वकील मिळतो ते दिलंय, आणि त्यात महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग व्यक्ती, कोठडीत किंवा जेलमध्ये असलेले, औद्योगिक कामगार, मानवी तस्करीचे बळी, पूर-दुष्काळ-भूकंप किंवा जातीय अत्याचारात सापडलेले, यांना उत्पन्नाची अट नाहीये. बाकीच्यांना वार्षिक उत्पन्नाची मर्यादा, महाराष्ट्रात ती ३ लाख आहे. पण होतं काय की टेबलवरचा माणूस सगळ्यांनाच म्हणतो, आधी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणा. बाई दाखल्यासाठी चार चकरा मारते, एक दिवसाचा रोज बुडवते, आणि परत येतच नाही. अहो, तिला दाखला लागतच नव्हता, ती बाई आहे एवढं पुरेसं होतं! आणि ज्यांना उत्पन्नाची अट आहे त्यांचंही प्रतिज्ञापत्र साधारणपणे पुरतं, १३ व्या कलमात तसं आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो. फोनवर विचारायचं तर १५१००. मिळालेल्या वकिलाने पक्षकाराकडे फी मागायची नसते, मागितली तर प्राधिकरणात लेखी तक्रार करता येते, हे वाक्य त्याच पानावर खाली लिहून ठेवा कारण लोक घाबरून देतात. आणि तुमच्या भागापुरतं एक: जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं होतं, पूरग्रस्त म्हणून तिथल्या माणसाला त्यातून उभ्या राहिलेल्या भांडणासाठी मोफत वकील मागता येतो, हे तिथे कितीजणांना माहीत आहे?

महिलांच्या कोर्ट फीचंही त्याच पानावर टाका. पोटगी, घटस्फोट, मालमत्तेचा वाद, अत्याचार अशा प्रकरणांत महाराष्ट्रात महिलांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. आणि सरकारी ऑफिसात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, २००४ पासून ती ड्युटी माफ आहे, तरी बाहेर टेबलं लावून बसलेले लोक गरीब माणसाला स्टॅम्प घ्यायला लावतात. ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा स्टॅम्प चालायचा त्या बऱ्याच दस्तांना ५०० चा लागायला लागला, म्हणजे नुकसान पाचपट.

आता नोंदीचा फॉर्म. एक पानाचाच ठेवा. नाव, पत्ता, फोन, आणि फोनच्या शेजारी एक चौकोन: या नंबरवर फोन केला तर चालेल का, कोण उचलतं. घरगुती हिंसाचाराच्या बाईचा फोन बऱ्याचदा नवऱ्याच्या हातात असतो. आमच्याकडे एका स्वयंसेविकेने चांगल्या मनाने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ताई, तुमचा अर्ज तयार आहे’ असा मेसेज पाठवला, आणि त्या रात्री त्या ताईला मार बसला. तेव्हापासून विचारल्याशिवाय मेसेज नाही म्हणजे नाही. फॉर्मवर दुसरी जागा समोरच्या पार्टीच्या नावाची, आणि बसण्याआधी ते नाव रजिस्टरमध्ये बघायचं. तुमचं केंद्र एका वॉर्डापुरतं आहे, घरमालक पहिल्या रविवारी येईल आणि भाडेकरू दुसऱ्या, दोघांनाही त्याच वकिलाने सल्ला दिला तर दोघांचाही विश्वास जाणार, आणि वकिलाच्या धर्मात ते बसतही नाही. तिसरं, मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत, कधीच नाहीत, कितीही आग्रह केला तरी. झेरॉक्स काढा, ओरिजिनल त्याच्यासमोर त्याच्या पिशवीत घाला. सह्या केलेल्या कोऱ्या कागदालाही हात लावू नका.

फाइलमधली पुढची पानं तुमच्या भागावर अवलंबून आहेत आणि ती मी इथून सांगू शकत नाही. वस्तीत आमच्याकडे पोलीस, दारू, मारहाण, बुडालेला पगार, रेशन कार्ड हे जास्त यायचं. तुमच्याकडे फ्लॅट, भाडेकरू, बिल्डर, सोसायटी मेंटेनन्स आणि आई-वडिलांना मुलं सांभाळत नाहीत हे येईल असा माझा अंदाज, पण धायरीच्या पुढची मंडळी आली तर जमिनीचं येईल. पहिले दोन-तीन महिने नुसत्या नोंदी ठेवा आणि जे पाच विषय सारखे येतील त्यांचीच पानं बनवा. एकदम चाळीस विषयांचं हँडबुक बनवायला गेलात तर ते पूर्ण होत नाही, झालं तर कोणी वाचत नाही.

दोन पानांचा नमुना देते म्हणजे कल्पना येईल. भाड्याचं पान. आपल्याकडे पुण्यात सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की ११ महिन्यांचा करार असला की रजिस्टर करावा लागत नाही. महाराष्ट्रात हे चुकीचं आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं ५५ वं कलम म्हणतं की लिव्ह अँड लायसन्स असो की भाडेकरार, लेखी आणि रजिस्टर हवाच, कितीही महिन्यांचा असो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. रजिस्टर नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलटं सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे डिपॉझिट अडकलेला विद्यार्थी आला तर त्याला ‘तुझा करार रजिस्टर नाही म्हणून काही होणार नाही’ असं सांगणं म्हणजे त्याच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार काढून घेणं. त्या पानावर कायदा तीन ओळी, बाकी कागद: डिपॉझिट कसं दिलं, बँकेची एंट्री, यूपीआयचा स्क्रीनशॉट, चावी परत दिल्याचा मेसेज, रूम सोडतानाचे फोटो.

आणि जमिनीचं पान, जे माझ्या जिवाजवळचं आहे. मुळशी, मावळ, हवेली, जमिनीला भाव आला तशा बहिणी आठवायला लागल्या. भाऊ येतो, राखीला येतो, साडी आणतो, आणि म्हणतो ताई सातबाऱ्यावर वारस लावायचेत, उद्या ऑफिसात येऊन फक्त सही कर. ती जाते, आणि ते वारस नोंदीचं नसतं, हक्कसोडपत्र असतं. पानावर ठळक लिहा की वारस नोंद वेगळी आणि हक्कसोड वेगळं. वडील गेल्यावर वारस म्हणून नाव लागायला बहिणीला दुय्यम निबंधकाकडे जाऊन सही-अंगठा-फोटो करावा लागत नाही, तिथे बोलावलंय म्हणजे हक्क सोडायचा किंवा विकायचा दस्त आहे. तिला म्हणावं की कागदाची प्रत आधी घरी मागून घे, वाचून घे, मग ठरव. सोडायचा की नाही हे तिने ठरवायचं, आपण भावाविरुद्ध भडकवायला बसलेलो नाही, अनेक बहिणी समजून-उमजून सोडतात आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण कळून सोडावा. जुन्या पुस्तिकांमध्ये अजून छापलेलं असतं की १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क नाही. ती राज्याची १९९४ ची दुरुस्ती होती. २००५ ला केंद्राने हिंदू वारसा कायदा बदलला आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलीला जन्मानेच हक्क आहे, २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या-विक्र्यांना मात्र हे उकरून काढत नाही, म्हणून जुना फेरफार काढून बघितल्याशिवाय कोणालाही होय किंवा नाही म्हणू नका. आणि नुसतं सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क गेला असंही नाही, फेरफार हा महसुलाची नोंद आहे, मालकी त्यावर ठरत नाही.

यावरूनच जुन्या साहित्याचा मुद्दा येतो. तुम्हाला कोणीतरी प्रेमाने जुनी हँडबुकं आणून देईल, घ्या, पण टेबलवर ठेवण्याआधी एक बघा की ते १ जुलै २०२४ च्या आधीचं आहे का. त्या दिवसापासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम आला. लोकांच्या तोंडात अजून जुनेच आकडे आहेत, ४९८ अ लावा म्हणतात, ते आता ८५, ४२० म्हणतात ते ३१८, पोटगीचं १२५ आता नव्या संहितेत १४४, एफआयआरचं १५४ ते १७३. दोन रकान्यांचा एक तक्ता करून लावा. जुनं पुस्तक मात्र फेकू नका, गुन्हा त्या तारखेच्या आधी घडला असेल तर शिक्षेचं कलम जुनंच लागतं. आणि एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, हा एफआयआर नाही हे त्याच तक्त्याखाली लिहा. निम्मे लोक एनसीची पावती जपून आणतात आणि विचारतात, ताई सहा महिने झाले पोलीस तपास का करत नाहीत. एनसीत मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करूच शकत नाहीत, हे त्या माणसाला त्या दिवशी कोणी सांगितलंच नसतं. दखलपात्र गुन्हा असूनही एफआयआर घेतला नाही तर लेखी तक्रार वरिष्ठांकडे, मग मॅजिस्ट्रेटकडे.

लोक अदालतीबद्दल एक सावधगिरी. तिथे लवकर मिटतं, भरलेली कोर्ट फी परत मिळते, चांगलीच सोय आहे, पण तिथे फक्त तडजोड होते, आणि झालेल्या निवाड्यावर अपील नाही. ‘लोक अदालतीत जा, तिथे न्याय मिळतो’ एवढंच सांगून बाईला पाठवलं आणि तिने न कळता सही केली तर ती परत फिरवणं फार अवघड. जायच्या आधी तिला किती रकमेला हो म्हणायचं आणि कशाला नाही म्हणायचं ते कागदावर लिहून द्या.

आता तुमचा तिसरा प्रश्न, वकील नसलेल्यांनी किती बोलायचं. कोर्टात वकिली करायचा अधिकार वकिलांच्या १९६१ च्या कायद्याने फक्त वकिलाला आहे. पण माहिती देणं, फॉर्म भरायला मदत, माहिती अधिकाराचा अर्ज लिहून देणं, कागद तारखेप्रमाणे लावून देणं, पोलीस स्टेशनला किंवा प्राधिकरणात सोबत जाणं, हे तुम्ही करू शकता आणि खरं सांगू का, या कामाची गरज वकिलापेक्षा जास्त आहे. बँकेतला माणूस म्हणून तुम्ही एखाद्या आजींचं पासबुक वाचून पेन्शन कुठे अडकली हे पाच मिनिटांत सांगाल, मला अर्धा तास लागेल. थांबायचं कुठे? ‘तुम्ही जिंकाल’, ‘सही करून टाका’, ‘सही करू नका’, ‘केस मागे घ्या’, ही वाक्यं तुमच्या तोंडून यायची नाहीत. कायदा काय म्हणतो ते सांगा, त्याने काय करावं ते वकिलाला सांगू द्या.

गुप्ततेचंही नीट समजून घ्या. वकिलाला सांगितलेली गोष्ट कोर्टात उघड करता येत नाही हे संरक्षण वकिलासाठी आणि त्याच्या हाताखालच्या माणसांसाठी लिहिलेलं आहे, हॉलमधल्या स्वयंसेवकाला ते आपोआप मिळत नाही. म्हणून फौजदारी प्रकरणात माणूस ‘मी काय केलं ते सांगतो’ म्हणायला लागला की तिथेच थांबवायचं आणि वकिलासमोर बसवायचं. आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देता येत नाही, पॉक्सोच्या १९ व्या कलमाने कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला २१ व्या कलमात शिक्षा आहे. हे पहिल्याच ट्रेनिंगला तिन्ही मुलांना सांगा, कारण अशी गोष्ट आई नेहमी सगळ्यात तरुण, सगळ्यात मायाळू दिसणाऱ्या मुलीच्या कानात सांगते.

तुमच्या दोन वकिलांसाठी: बॅनरवर त्यांची नावं टाकू नका, वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांची बंदी आहे. आणि आमच्याकडे एक नियम होता, केंद्रात ज्याला सल्ला दिला त्याची केस त्या वकिलाने फी घेऊन घ्यायची नाही. कायद्यात असं कुठे नाही, पण हा नियम नसता तर सहा महिन्यांत वस्तीत बोललं गेलं असतं की मोफत म्हणजे गिऱ्हाईक पकडायचं दुकान आहे. तुमच्या वकिलांशी हे पहिल्या रविवारच्या आधी बोलून घ्या, नंतर अवघड जातं.

फाइल रिंगची घ्या, स्पायरल नको, म्हणजे एक पान बदलता येतं. प्रत्येक पानाच्या खाली तारीख आणि कोणी तपासलं त्याचं नाव, जून आणि डिसेंबरला वकिलांनी सगळी पानं एकदा बघायची. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सुप्रीम कोर्टाचा ऐतिहासिक निकाल’ म्हणून जे फिरतं ते निकाल स्वतः उघडून वाचल्याशिवाय फाइलमध्ये जाऊ द्यायचं नाही. भाषा लोकांच्या तोंडातली ठेवा, ‘निर्वाह भत्ता’ नको, पोटगी म्हणा, पण कंसात कोर्टातला शब्दही द्या कारण नोटिशीत तोच येणार आहे. आणि अक्षर मोठं, तुमच्यातल्या ज्येष्ठांना आणि येणाऱ्या आजींनाही वाचता आलं पाहिजे.

पुस्तकं यायच्या आधीच एक काम करा, हॉलच्या दारावर आणि सोसायटीच्या ग्रुपवर एक कागद लावा: येताना काय आणायचं. आधार, कराराची झेरॉक्स, पासबुक, फोनमधले मेसेज न पुसता, पोलिसांनी दिलेला कुठलाही चिटोरा. आणि शेवटची ओळ मोठ्या अक्षरात, नोटीस पोस्टाने आली असेल तर तिचं पाकीटसुद्धा आणा. लोक नोटीस जपून ठेवतात आणि पाकीट फेकून देतात, आणि ती कधी पोचली त्याचा शिक्का पाकिटावर असतो.